विद्यार्थी नक्कल का करतो? : थोडा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून मी एखादा किल्ला किंवा एखादी लढाई निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय तितका मानाचा नाही. परीक्षेतील नक्कल, जिला आपण सरळ 'कॉपी' म्हणतो, तिचा हा थोडा इतिहास आहे. वाचकहो, आपण पालक असाल तर हा विषय आपल्या घरातला आहे, शिक्षक असाल तर रोजचा आहे, आणि विद्यार्थी असाल तर तो आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका मुलामुळे. काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेत मी परगावच्या एका केंद्रावर पर्यवेक्षक होतो. विज्ञानाचा पेपर होता. खिडकीजवळच्या बाकावरील मुलाच्या डाव्या बाहीत कागदाची पट्टी सापडली. बोटभर रुंद, पंख्यासारख्या घड्या घातलेली, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेली. अक्षर मात्र सुरेख होते आणि प्रत्येक मथळ्याखाली लाल शाईची रेघ होती. नियमाप्रमाणे मी ती केंद्रसंचालकांच्या हवाली केली. अहवाल लिहून होईपर्यंत मुलगा कोपऱ्यात उभा होता. मी सहज पट्टीवरचा एक प्रश्न त्याला विचारला. त्याने उत्तर सांगितले. दुसरा विचारला, त्याचेही सांगितले. पट्टीवर जे जे होते ते त्याला येत होते; एवढ्या बारीक अक्षरांत लिहिता लिहिता ते पाठच झाले होते.

"मग ही जवळ कशाला ठेवलीस?" मी विचारले.

तो म्हणाला, "सर, ऐन वेळी आठवलं नाही तर?"

त्याची त्या परीक्षेची संपादणूक रद्द झाली. पुढे एकदा त्याचे वडील मला एस. टी. स्टँडवर भेटले. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही नियमानं वागलात. फक्त एक सांगा, त्या दिवशी त्या शाळेत तो एकटाच होता का?" त्या दिवशी शेजारच्या खोलीत कोणीतरी मोठ्या माणसाच्या आवाजात उत्तरे सांगत होते. ते मला ऐकू आले होते, आणि ते गावालाही ठाऊक होते. मी वडिलांना काही उत्तर दिले नाही.

त्या पट्टीने मला जुनी पुस्तके उघडायला लावली. मुलगा आळशी असतो म्हणून कॉपी करतो, त्याला संस्कार नसतात म्हणून करतो, हे मी तोपर्यंत इतरांसारखेच मानत होतो. आता इतक्या सहज मानत नाही.

आधी शब्दाविषयी थोडेसे. 'नक्कल' हा शब्द मराठीत फारसी-उर्दूमार्गे अरबीतून आला. मूळ अर्थ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणे. आपण सातबाराची नक्कल काढतो, कोर्टातून निकालाची नक्कल मागतो, तेव्हा त्यात काही लाजिरवाणे नसते. जुन्या मदरशांत आणि पाठशाळांत ग्रंथाची नक्कल उतरवणे हे शिकण्याचेच एक अंग होते. हाच शब्द परीक्षेच्या खोलीत शिरला की शिवी होतो. म्हणजे दोष उतरवण्यात नाही, उतरवलेले आपले म्हणून दाखवण्यात आहे. आणि दाखवणे आले ते परीक्षेबरोबर.

परीक्षेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात चीनपासून करावी लागते. सातव्या शतकाच्या प्रारंभी, सुई घराण्याच्या काळात, सरकारी अधिकारी लेखी परीक्षेने निवडण्याची पद्धत तेथे रुजू लागली आणि मधले काही खंड सोडले तर १९०५ पर्यंत, म्हणजे सुमारे तेराशे वर्षे, ती चालली. कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ मुखोद्गत करावयाचे आणि त्यांवर ठरावीक साच्यात निबंध लिहावयाचे, असे तिचे स्वरूप होते. आधी जिल्ह्याची परीक्षा, मग प्रांताची, मग राजधानीची, आणि शेवटची खुद्द बादशहाच्या वाड्यात. प्रांताची परीक्षा साधारण तीन वर्षांतून एकदा होई. नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. कोठडी म्हणजे तीन बाजूंना भिंती आणि आत दोन फळ्या. याच फळ्या दिवसा बाक आणि मेज, रात्री खाट. परीक्षेच्या तीन फेऱ्या असत आणि प्रत्येक फेरीत उमेदवार दोन रात्री आत कोंडलेला असे. अन्न, अंथरूण, दौत, सारे त्याने बरोबर आणायचे. शंभरांत एखाद-दुसरा उत्तीर्ण होई. जो होई त्याचे घराणे वर येई. जो न होई तो तीन वर्षांनी पुन्हा येऊन त्याच फळीवर बसे. पांढऱ्या केसांचे परीक्षार्थी ही तेथे नवलाची गोष्ट नव्हती.

दारावर कसून झडती होई. कपड्यांना अस्तर असता कामा नये असे नियम होते, फराळाचे जिन्नससुद्धा कापून पाहत. तरीही आतल्या बाजूवर हजारो अक्षरे लिहिलेली वस्त्रे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात, आणि तळहातात मावतील अशी पुस्तकेही. परीक्षकाने ओळखीच्या उमेदवाराला झुकते माप देऊ नये म्हणून सोंग घराण्याच्या काळात एक अजब उपाय निघाला. उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकायचे आणि अक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून साऱ्या उत्तरपत्रिका कारकुनांकडून नव्याने लिहवून घ्यायच्या, मग त्या परीक्षकाकडे पाठवायच्या. पुढच्या काळात उमेदवार काळ्या शाईने लिही आणि कारकून तेच लाल शाईने उतरवी. लबाडी रोखण्यासाठी सरकारनेच एवढी मोठी नक्कल चालवली होती! शिक्षाही सौम्य नव्हत्या. १८५८ च्या राजधानीकडील परीक्षेत घोटाळा उघड झाला तेव्हा मुख्य परीक्षक बाय जुन याला, जो दरबारातला अत्यंत वरिष्ठ मंत्री होता, पुढच्या वर्षी देहदंड देण्यात आला.

म्हणजे झडती होती, गुप्तता होती, मृत्युदंड होता. कॉपी थांबली नाही. का थांबली नाही याचे एक उत्तर मला १८९३ च्या एका प्रकरणात मिळते. झोउ फूछिंग नावाचे गृहस्थ स्वतः १८७१ मध्ये सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान होते. त्यांचा मुलगा मात्र खालच्या पायरीवर अडला होता. त्या वर्षी प्रांताच्या परीक्षेवर नेमलेल्या परीक्षकाकडे झोउ यांनी आपल्या मुलासाठी आणि आणखी काही घरांतील मुलांसाठी लाच देण्याचा प्रयत्न केला. तो उघडकीस आला. मृत्युदंड ठोठावला गेला, अंमलबजावणी लांबत गेली, १९०१ मध्ये सुटका होईपर्यंत ते तुरुंगात राहिले आणि तोवर घर धुऊन निघाले. मुलगा आजारी पडून १८९६ मध्ये वारला. या घरातला नातू त्या वेळी बारा वर्षांचा होता. पुढे तोच लू शुन या नावाने आधुनिक चीनचा सर्वांत मोठा लेखक झाला. त्याची १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक कथा खालची परीक्षासुद्धा कधी पास न झालेल्या, लोकांची पुस्तके उतरवून देऊन पोट भरणाऱ्या आणि अधूनमधून पुस्तके चोरणाऱ्या एका दरिद्री पंडिताची आहे. पुस्तक उचलणे ही चोरी होत नाही, असा त्या पंडिताचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

झोउ यांना परीक्षेत काय लागते हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? ते स्वतः तिच्यातून वर आलेले होते. नेमके त्यामुळेच, नापास होण्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

ही परीक्षापद्धत इंग्रजांमार्फत आपल्याकडे आली. नोकऱ्या ओळखीवर न देता स्पर्धापरीक्षेने द्याव्यात असा अहवाल १८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. विरोधकांनी या कल्पनेला 'चिनी' म्हणून हिणवले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीसाठी लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. कलकत्त्याच्या पहिल्या बी. ए. परीक्षेत १८५८ मध्ये दोघेच पास झाले, त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, आणि त्या दोघांनाही वाढीव गुण द्यावे लागले होते. आपल्या पहिल्या पदवीधरांच्या कपाळीही 'ग्रेस' होता हे आमच्या मुलांना सांगितले की त्यांना फार बरे वाटते.

पण प्राथमिक शाळेवर खरा घाव घातला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने नवी अनुदानसंहिता लागू केली. तिचे तत्त्व असे की शाळेला पैसा निकालाप्रमाणे मिळेल. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घेणार. तिन्ही विषयांत पास झालेल्या मुलामागे आठ शिलिंग. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. हिशेब अगदी स्वच्छ होता. परिणाम काय झाला? शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग या रकमेवर अवलंबून राहिला आणि वर्षभर इन्स्पेक्टरच्या त्या एका दिवसाची तयारी सुरू झाली. मुले वाचनपुस्तक अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ करीत. पुस्तक उलटे धरून धडाधड 'वाचणाऱ्या' मुलांच्या हकीकती त्या काळच्या लिखाणात आढळतात. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने या पद्धतीवर सातत्याने टीका केली, पण ती शिल्लक राहिली आणि १८९० च्या दशकात कुठे मोडीत निघाली.

आपल्या मुंबई इलाख्यात सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचे डायरेक्टर असताना, १८६५ च्या सुमारास, खासगी शाळांच्या अनुदानाला हीच पद्धत लागू झाली. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यात निकालावर पैसे देण्याची ही रीत गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवण्यास उपयोगाची नाही, अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणाऱ्या शिक्षकाचे तीवर पोट भरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. जोतीरावांचे हे निवेदन आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी नेहमी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला शाळा चालवण्याचा हिशेब माहीत होता असा माणूस बोलतो आहे, हे मला या बारीक मुद्द्यावरून अधिक जाणवते.

आता राजकोटला चला. १८८० नंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मोहनदास गांधी नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा नुकताच हायस्कुलात आला होता. जाईल्स नावाचे शिक्षण-इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतल्या 'केटल' या शब्दाचे स्पेलिंग मोहनदासने चुकवले. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने त्याला खूण केली, शेजारच्या मुलाच्या पाटीवरून बघून दुरुस्त कर म्हणून. मुलाला ती खूण कळलीच नाही. आपण बघून लिहू नये म्हणूनच शिक्षक उभे आहेत, अशी त्याची समजूत. बाकी सर्व मुलांचे पाचही शब्द बरोबर निघाले. मूर्ख ठरला तो हा एकटा. पुढे शिक्षकांनी त्याचा हा मूर्खपणा त्याला समजावून सांगण्याचाही प्रयत्न केला.

गांधीजींच्या आत्मचरित्रातली ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे आणि सर्व शिक्षकांनी ती सांगितलेली आहे. मीही दरवर्षी सांगतो. सांगताना आपण त्या सत्यवादी मुलाकडे बोट दाखवतो. वाचकहो, एकदा त्या वर्गातल्या इतर मुलांकडे बघा. त्या सर्वांचे शब्द बरोबर निघाले. त्यांतल्या किती जणांना 'केटल' खरोखर येत होते? आणि त्या बुटाकडे बघा. तो शिक्षक दुष्ट होता काय? गांधीजी तसे म्हणत नाहीत. त्या शिक्षकांविषयीचा आपला आदर कमी झाला नाही, असेच ते लिहितात. त्या काळी इन्स्पेक्टरचा शेरा म्हणजे शाळेची अब्रू आणि मास्तरची पत. बुटाच्या टोकाला जी भीती होती ती साहेबाची होती. मुलाला चोरी शिकवावी असा हेतू तिच्यात नव्हता, पण मुले शिकली ती चोरीच.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितो कारण मी स्वतः त्या वर्गात बसलेलो आहे. राजकोटच्या नव्हे, माझ्या गावच्या. मी चौथीत असताना आमच्या शाळेची तपासणी होती. आदल्या दिवशी गुरुजींनी सांगितले, "साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा." दुसऱ्या दिवशी साहेब आले. प्रत्येक प्रश्नाला सगळा वर्ग हात वर करी. गुरुजी उजव्या हातांकडे बोट दाखवीत. साहेब खूष होऊन गेले, आणि गुरुजींनी आम्हांला गोळ्या वाटल्या. मी त्या दिवशी बहुतेक प्रश्नांना डावा हात वर केला होता. मला वाईट वाटले नाही. उलट आपण शाळेची इज्जत राखली असे वाटले. ते गुरुजी अतिशय प्रेमळ होते, आजही मी त्यांच्या पाया पडतो. नक्कल करणाऱ्या मुलाच्या मनात त्या वेळी काय असते, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम तो डावा हात आठवतो. त्यात पापाची टोचणी नव्हती. आपल्या माणसांबरोबर असल्याचे समाधान होते.

मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट मोजून पाहिली. अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी आठ ते सोळा वयाच्या सुमारे ११,००० मुलांची प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. बी. एड.ला या अभ्यासाचा एका ओळीत उल्लेख होता. तो खरा वाचण्यासारखा आहे. त्यांनी मुलांना साध्या चाचण्या दिल्या, उत्तरे जमा करून गुपचूप उतरवून ठेवली, आणि नंतर तेच कागद परत देऊन मुलांना स्वतःच तपासायला सांगितले. कोणी कोणते उत्तर बदलले हे मग ताडून बघता आले. असे खेळात, घरच्या अभ्यासात, पैशाच्या बाबतीतही केले. त्यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची अपेक्षा अशी होती की काही मुले प्रामाणिक निघतील आणि काही अप्रामाणिक. तशा दोन जाती सापडल्याच नाहीत. गणितात लबाडी करणारा मुलगा खेळात सरळ वागला, खेळात लबाडी करणारा पैशाला शिवला नाही. बहुतेक सर्व मुलांनी कुठे ना कुठे थोडे तरी फसवले. खरे काय, खोटे काय हे तोंडाने बरोबर सांगणारी मुले कृतीत फारशी वेगळी ठरली नाहीत. नीतिपाठ घेणाऱ्या आम्हां शिक्षकांना हे पचायला जड आहे. फरक पडला तो परिस्थितीने. पकडले जाण्याचा संभव किती, शेजारी बसलेले काय करतात, आणि शिक्षकाशी नाते कसे आहे, यांवर बरेच अवलंबून होते. जेथे शिक्षक आणि मुले यांत मोकळेपणा होता, त्या वर्गांत फसवणूक कमी आढळली.

१९६४ मध्ये विल्यम बॉवर्स यांनी अमेरिकेतील ९९ महाविद्यालयांतल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी कधी ना कधी गैरप्रकार केल्याचे कबूल केले. आणि सोबत्यांना हे किती वाईट वाटते, यावर त्याचे प्रमाण फार अवलंबून होते. या सर्व अभ्यासांविषयी वाचकांनी थोडी सावधगिरी मात्र बाळगावी. प्रामाणिकपणा कसा वाढवावा यावरच लिहिलेला २०१२ चा एक गाजलेला प्रबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट निघाली! मोठमोठ्या विद्यापीठांतल्या पंडितांनाही 'ऐन वेळी आठवलं नाही तर' याची धास्ती असते, असे दिसते.

आता लू शुनच्या पंडिताकडे. १९५७ मध्ये साइक्स आणि मॅट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी गुन्ह्यांकडे वळलेल्या मुलांविषयी लिहिताना दाखवले की ही मुले नीती धुडकावत नाहीत. ती तिला तात्पुरती बाजूला ठेवतात, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ कारणे तयार असतात. माझा इलाज नव्हता, यात कुणाचे नुकसान झाले, मला दोष देणारे स्वतः कोण लागून गेले, मी मित्रासाठी केले. पुस्तकाची चोरी ती चोरी नव्हे, हे त्याच माळेतले. आमच्या शाळांत मी ऐकलेली कारणे याच जातीची आहेत. "पेपरच सिलॅबसच्या बाहेरचा होता." "सर शिकवतच नाहीत." "सगळेच करतात." यांतले शेवटचे वाक्य मला सर्वांत भारी वाटते, कारण पुष्कळदा ते खरे असते. स्टँडवर त्या वडिलांनी मला विचारले ते हेच.

आणि नक्कल आपण शिकवतोही. निबंधाचेच घ्या. 'मी पाहिलेला अपघात' हा विषय दिला की पन्नासांच्या वर्गात पन्नास मुलांनी तोच अपघात पाहिलेला असतो. तीच संध्याकाळ, तोच भरधाव ट्रक, तीच म्हातारी आणि देवदूतासारखा धावून आलेला तोच तरुण. गाईड एकच असते. आम्ही त्या निबंधाला दहापैकी सात गुण देतो. एखाद्या मुलाने खरोखर पाहिलेला, कुणीच देवदूत न आलेला अपघात मोडक्या भाषेत लिहिला तर त्याला चार मिळतात, शुद्धलेखनाचे वजा करून. दहावीपर्यंत हे चालवायचे आणि पुढे कॉलेजात कोणी दुसऱ्याचा प्रबंध उतरवला, किंवा आता संगणकाकडून लिहवून घेतला, की आश्चर्य करायचे!

कायद्याने काय साधते तेही आपण पाहिले आहे. महाराष्ट्राने १९८२ मध्ये परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. उत्तर प्रदेशात १९९२ मध्ये असा कडक वटहुकूम निघाला की कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा झाला, विद्यार्थी तुरुंगात गेले. त्या वर्षी तेथील हायस्कूल परीक्षेचा निकाल १५ टक्क्यांच्याही खाली आला. १९९३ च्या अखेरीस आलेल्या सरकारने तो कायदा मागे घेतला. या आकड्याकडे लोक दोन्ही बाजूंनी बोट दाखवतात, पाहा कायद्याने कॉपी थांबली म्हणून, किंवा पाहा मुलांचे हाल झाले म्हणून. मला त्यात तिसरेच दिसते. शंभरांतली पंच्याऐंशी मुले पेपर लिहू शकत नव्हती, आणि तरीही ती दहावीपर्यंत वरच्या वर्गात ढकलली गेली होती. इतकी वर्षे त्यांच्या शाळांत कोण कुणाला फसवत होते?

मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या एका परीक्षाकेंद्राचे छायाचित्र जगभर गेले, आपणही पाहिले असेल. चार मजली इमारतीच्या भिंतीला माणसे लोंबकळत आहेत आणि खिडक्यांतून चिठ्ठ्या आत जात आहेत. लोक हसले. त्या चित्रात चढणारे विद्यार्थी नव्हेत. ते बहुतेक नातलग आणि मित्र आहेत, पाय घसरला तर मरतील एवढ्या उंचीवर. झोउ फूछिंग चढले होते तीच ती भिंत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांसाठी जो कायदा केला त्यात शिक्षेचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे, परीक्षार्थीवर नाही; ही समज मला बरी वाटते. पण घराच्या भीतीवर कायदा कोण करणार?

माझ्यापुरते मी एक करून पाहिले आहे. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी कॉपी करून आणायला सांगतो. पोस्टकार्डाच्या निम्मा कागद, अक्षर हवे तितके बारीक, धड्यातले जे जे विसरेन असे वाटते ते त्यावर. परीक्षेच्या दिवशी दाराशी टेबल मांडतो आणि आत जाताना प्रत्येकाने आपली चिठ्ठी तेथे ठेवायची. पहिल्या वर्षी मुलांना ती थट्टा वाटली, मुख्याध्यापकांना मुळीच वाटली नाही. हळूहळू मुले ती मनापासून करू लागली. निकाल फार सुधारला असे नाही, थोडा सुधारला. पेपर सुटल्यावर मुले आपापल्या चिठ्ठ्या परत न्यायला येतात आणि काय आठवले, काय राहिले ते टेबलाशी उभे राहून बघतात, तेवढा वेळ मला वर्षातला सर्वांत चांगला वाटतो. या चिठ्ठ्यांत दरवर्षी पाच-सात कोऱ्या असतात. घडी तेवढी नीट घातलेली, आत एकही अक्षर नाही. त्या मुलांसाठी काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.